बीफ, वाइन आणि दोन चमचे

एका किचनमध्ये वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. तवा कितीही घासा, मागचा काळेपणा राहतोच ना, तसे. आमच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजच्या किचनमधले निम्मे किस्से तर एकाच पदार्थाचे आहेत. रेड वाइनमध्ये शिजवलेलं बीफ, सोबत गाजर, छोटे कांदे आणि मशरूम. फ्रेंच पदार्थ. अभ्यासक्रमातच आहे, त्यामुळे सुटका नाही!

आता गंमत बघा. शिकवणार मी, नारायणगुड्याची जाधव मॅडम. आमच्या घरात मटण-मासे सगळं चालतं, पण बीफ नाही. मदतीला खलीलभाई, इथले सगळ्यात जुने कुक. हैदराबादेत बीफ म्हणजे म्हशीचं, "बडे का गोश्त". ते त्यांच्या घरी दर आठवड्याला असतं, पण दारूचा थेंब चालत नाही. म्हणजे कॉलेजचा सगळ्यात महागडा पदार्थ, आणि चव बघायला दोघांपैकी एकही कामाचा नाही!

तोडगा खलीलभाईंनीच काढला. "मॅडम, दो पातेले करते. गोश्त का मैं चखतूं, वाइन का आप चखो. बाद में मिला देंगे." तेव्हापासून तीच पद्धत. एका पातेल्यात मांस शिजतं, दुसऱ्यात भाज्यांबरोबर वाइन आटते. ते त्यांचं पातेलं चाखून "बराबर" म्हणतात, मी माझं चाखून "बरोबर" म्हणते. मग दोन्ही एकत्र होतात, आणि तिथून पुढे त्या पातेल्यात काय चाललंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक नसतं.

वाइन आणायचं काम अर्थातच माझं. खलीलभाई त्या दुकानासमोरच्या फुटपाथवरूनसुद्धा जात नाहीत.

एकदा आबिड्सच्या दुकानातून सहा बाटल्या घेऊन बाहेर पडले. कॉटनची साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत खणखणाट. समोर आमच्या बिल्डिंगमधल्या देशपांडे काकू! मी घाईघाईने म्हटलं, "काकू, कॉलेजसाठी आहे हो. मुलांना शिकवायला लागते!"

काकूंचा चेहरा आणखीच उतरला. "अगं बाई, आता हेसुद्धा शिकवतात?"

त्यांचा नातू त्या वर्षी आमच्याकडे अ‍ॅडमिशन घेणार होता. त्याने शेवटी बी.कॉम. केलं.

घरचं तर विचारूच नका. प्रॅक्टिकलच्या दिवशी तीन बॅचेस असतात, म्हणजे तीन पातेली वाइन चाखायची. संध्याकाळी आमच्या ह्यांनी दार उघडलं, एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "आज मुलं पास झाली की तू?"

मग तो पोटलीचा किस्सा. या पदार्थात तमालपत्र, थाइम वगैरेंची जुडी बांधून घालतात. एका वर्षी थाइम संपला, म्हणून श्रीकांत नावाच्या विद्यार्थ्याला बेगम बाजारात पिटाळलं. दुकानदाराने थाइमचं नावही ऐकलं नव्हतं. त्याने विचारलं, "पकाना क्या है?" श्रीकांत म्हणाला, "बडे का गोश्त." दुकानदार म्हणाला, "तो ये लेको जाओ," आणि निहारीच्या रश्श्यात घालतात तो पोटलीचा मसाला बांधून दिला. खस, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं आलं त्यात! श्रीकांतने तो कोणाला न विचारता सरळ एकत्र झालेल्या पातेल्यात सोडला.

तासाभराने किचनमध्ये असा घमघमाट सुटला की ऑफिसातला क्लार्कसुद्धा वर आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तर दोनदा मागून घेतलं. एकटे खलीलभाई पातेल्याकडे बघत उभे होते, अगदी रडवेले. "क्या जुलम है मॅडम! जिंदगी में पहली बार इसमें से निहारी की खुशबू आई, और अंदर वाइन पडी है!"

आणि मग आली ग्रेस. ख्रिश्चन घरातली तेलुगू मुलगी. तिच्याकडे बीफही चालायचं आणि नाताळात वाइनही. आधीची मुलं चमचाभर चाखून "सुपर, मॅडम!" म्हणायची आणि मोकळी व्हायची. ग्रेस डोळे मिटून चाखायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सरिपोयिंदी, मॅडम. एकदम बरोबर झालंय. फक्त मिरी थोडी जास्त."

खलीलभाईंनी टोपी सारखी केली. "इत्ते साल बाद मालूम हुआ, हमारा सालन कैसा बनता!"

मला खरंच भरून आलं. इतकी वर्षं न चाखता शिकवलेला पदार्थ चांगला होता की हो! त्यानंतर दोन वर्षं ग्रेस आमची जीभ होती. तिने "सरिपोयिंदी" म्हटल्याशिवाय गॅस बंद व्हायचा नाही.

आता शेवटचं. ग्रेसला नोकरी लागली हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायचा नाही. पण त्या सकाळी आमचा लागला होता. मोठ्या हॉटेलचे शेफ आले होते, सगळ्या वर्गातून एकालाच घेणार होते. ग्रेसच्या वाट्याला नेमका हाच पदार्थ आला. आणि ग्रेसला सर्दी! नाक लाल, आवाज बसलेला. घरात कमावणारी तिची आई एकटीच, म्हणून ही नोकरी तिला हवीच होती.

मांस झालं, खलीलभाई "बराबर" म्हणाले. वाइन आटली, मी "बरोबर" म्हटलं. दोन्ही पातेली एक झाली, वर अर्धा तास शिजली. ग्रेसने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघून रडायलाच लागली. "मॅडम, काहीच कळत नाही. गरम पाणी प्यायल्यासारखं लागतंय."

बाहेर शेफ घड्याळ बघत होते. दहा मिनिटं उरली होती. बाकीची मुलं आपापल्या प्लेट्स घेऊन केव्हाच बाहेर गेली होती. किचनमध्ये आम्ही तिघंच.

"ग्रेस, जा, स्टोअरमधून मिठाचा डबा आण," मी म्हटलं. ती डोळे पुसत गेली.

खलीलभाई हळूच म्हणाले, "मॅडम, आप जरा उधर फ्रीज की तरफ देखो."

"का?"

"बस, देखो ना."

"मग तुम्हीपण खिडकीकडे बघा," मी म्हटलं.

मी फ्रीजकडे तोंड केलं, त्यांनी खिडकीकडे. ओट्यावर पातेल्याशेजारी दोन चमचे होते, ते आता तिथे नव्हते. ग्रेस डबा घेऊन दारात आली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता एकदमच ओरडलो,

"नमक कम है!"

"मीठ कमी आहे!"