जिनदत्तअण्णा आणि नऊ वाजताची हलगी

रहिमतपूरच्या शाळेतून निवृत्त होऊन मी मुलाकडे आष्ट्याला राहायला आले, त्या हिवाळ्यात जिनदत्तअण्णा मला पहिल्यांदा दिसले. कलासंगम मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. दाराशी हलगी कडाडत होती. पाहुण्या गायिका आत गेल्या, त्यांच्यामागून सगळे गेले, अर्जुना आणि त्याचे हलगीवाले बाहेरच राहिले. त्यांच्याजवळ एक गृहस्थ उगाच घुटमळत होते. पांढरा सदरा, कापडी पट्टा, कापडी बूट. थोड्या वेळाने तेच व्यासपीठावर उभे राहून सर्व कला समान आहेत, असं फार सुंदर बोलले. हलगीवाले तेव्हा गेटाशी वडापाव खात होते.

अण्णा हळदीचे व्यापारी आणि मंडळाचे कार्यवाह. जैन माणूस, अंगाला चामडं लावत नाहीत, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. ठराव मांडायची मात्र भारी हौस. 'मंडळाने लोककलांना योग्य स्थान द्यावे' हा ठराव ते दरवर्षी मांडत आणि तो दरवर्षी एकमताने मंजूर होई. मंडळ म्हणजे नेमकं कोण, असं कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी अण्णांकडे बोट दाखवलं असतं, आणि अण्णांनी सगळ्यांकडे.

शेवटी ते विचारलं आक्काताईंनी, त्यांच्या बायकोने. मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसले होते.

"आवं, ठराव झाला न्हवं? मग अर्जुना गेटवरच का वाजवतोय?"

"मंडळ बघंल की."

"मंडळाची किल्ली तुमच्या खिशात हाय. दुसरं कोन बघनार?"

अण्णांनी कप खाली ठेवला आणि त्याच संध्याकाळी ते अर्जुनाकडे गेले. यंदाच्या कार्यक्रमात गेटवर नाही, रंगमंचावर वाजवायचं, असं त्यांनी सांगितलं. अर्जुनाने वेळ विचारली.

"पाच वाजता," अण्णा म्हणाले. हलगी वाजवण्याआधी तिचं चामडं जाळावर शेकून ताणून घ्यावं लागतं, आणि अंधार पडल्यावर जाळ केला तर किडे येऊन मरतात. अण्णांनी हे सगळं मनोभावे समजावून दिलं.

अर्जुनाने ऐकून घेतलं. "अण्णा, पाचला खुर्च्याच ऐकत्यात. बाई नवाला गानार आन् आमी पाचला? त्यापरीस गेट बरं. तितं मानसं तरी असत्यात."

"बरं. नवाला तू. बाई नंतर गातील."

"बगा हां. ह्या खेपंला न्हाई जमलं, तर पुन्यांदा बोलवाय येऊ नका. गेटवर बी न्हाई येनार."

मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब, ऊसवाले बागायतदार. बैठकीत त्यांनी अण्णांना कोपरखळी मारली. "अण्णा, चामडं रंगमंचावर? आन् हे तुमी म्हनताय?"

"तबला काय पुठ्ठ्याचा असतोय व्हय?"

सगळे चहात बघू लागले. अण्णाही. चाळीस वर्षं तबला ऐकताना हे आपल्याही डोक्यात आलं नव्हतं, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

राहिला जाळ. सभागृहातल्या जुन्या हॅलोजन दिव्यासमोर धरली तर हलगी तापते, ही युक्ती अर्जुनाचीच. पण कार्यक्रमाच्या रात्री हलग्या धरायला मंडळाचे स्वयंसेवक कुठे दिसेनात. सगळ्यांना एकदम सतरंज्यांची काळजी लागली. तेव्हा अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि जन्मात पहिल्यांदा चामडं हातात घेतलं. धरलं कसं, तर ओलं बाळ धरावं तसं, अंगापासून लांब.

"जरा जवळ न्या, अण्णा. चावत न्हाई ती," अर्जुना म्हणाला.

पडदा ओढणाऱ्याने घाई केली. अण्णा दिव्यासमोर हलगी फिरवताना सगळ्या सभागृहाला दिसले. पहिल्या रांगेतून लालासाहेब म्हणाले, "अण्णा, पापड भाजताय काय?"

हशा पिकला. अण्णांनी मान वळवली नाही. "कच्चा राह्यला तर तुमीच नावं ठेवशीला."

मग अर्जुनाने हलगीवर बोटं टेकवली, मान हलवली आणि वाजवायला सुरुवात केली. मागच्या रांगा उभ्या राहिल्या, म्हणून पुढच्यांनाही उभं राहावं लागलं. गायिकाबाई विंगेतून ऐकत होत्या.

संपल्यावर लालासाहेब अर्जुनाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झकास. पुढच्या साली बघू."

अण्णांना ते 'बघू' चांगलंच ओळखीचं होतं. तो शब्द त्यांनी स्वतः कितीदा तरी वापरला होता. आज कार्यवाह आपण होतो म्हणून निभावलं. कार्यकारिणीतली सगळी माणसं दोनच गल्ल्यांतली, हलगीवाल्यांपैकी एकही नाही. उद्या आपण नसलो की हलगी परत गेटवर.

वार्षिक सभेत त्यांनी त्या वर्षी ठराव मांडला नाही. कार्यकारिणीतली आपली जागा सोडली आणि तिथे अर्जुनाचं नाव सुचवलं.

"तुमच्याबिगर मंडळ चालंल व्हय?" लालासाहेबांनी विचारलं.

"अर्जुनाबिगर इतकी वर्सं चाललंच की."

अण्णांनी काही मांडलं की हात वर करायची सगळ्यांना सवय होती. याही वेळी हात वर गेले.

अर्जुना आता कार्यकारिणीत आहे आणि लालासाहेबांशी भांडतो. जिनदत्तअण्णा मंडळाचे साधे सभासद आहेत. वर्गणी भरतात आणि कार्यक्रमाला पाचव्या रांगेत बसतात.