सूर्याचा वास

हा किस्सा खरं तर माझ्या पाठीनं सांगायला हवा. पण पाठीला तोंड नाही आणि बायकोला आहे, तेव्हा तिच्याआधी मीच सांगून टाकतो.

देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते. आमच्या काचीगुड्यातही परदेशी वस्तू दिसू लागल्या होत्या. माझ्या मेव्हण्यानं सिंगापूरहून दुर्बीण आणली. लांब पांढरी नळी, तीन पायांची घोडी आणि नळीच्या पाठीवर एक पिटुकली दुर्बीण. मोठीतून जे बघायचं ते आधी या धाकटीतून शोधायचं. शेजारच्या गच्चीवरून हमीदभाईंनी विचारलं, "भाऊसाब, इसमें बाहर के चैनल आते क्या?"

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, बघायला पुण्याहून दातार मंडळी येणार होती. मुलगा कॉम्प्युटरवाला, वडील निवृत्त मास्तर. सुमीला तो फोटोतच आवडला होता. आधीची स्थळं 'घर जरा साधंच वाटलं' म्हणत गेली होती. या वेळी घराची छाप पाडायचीच, असं मी ठरवलं. चॉकलेटी रंगाचा नवा टेरिकॉटचा सफारी शिवला आणि पोहे झाल्यावर सगळ्यांना गच्चीवर नेलं.

आता भर दुपारी आकाशात बघण्यासारखं काय असतं? सूर्य. म्हटलं, सूर्यच दाखवू.

घाबरू नका, मी कच्चा गडी नव्हतो. दुर्बिणीतून सूर्याकडे बघितलं तर डोळा जातो, हे मला पाठ होतं. म्हणून नळीला डोळा न लावता, नुसत्या तिच्या सावलीच्या अंदाजानं ती सूर्याकडे वळवली आणि तिच्यातून येणारा उजेड बाजूच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडला. बशीएवढा सूर्य उमटला, वर बारीक डागसुद्धा. दातारकाका "वा" म्हणाले. सुमीनं मुलाकडे पाहिलं, मुलानं सुमीकडे. झालं, मला जोर चढला.

दुर्बिणीला पाठ करून मी 'घ्यावयाची दक्षता' या विषयावर व्याख्यान सुरू केलं. "सूर्य बघताना एकही काच उघडी सोडायची नाही," मी म्हणालो.

दातारकाकूंनी नाक वर केलं. "काहीतरी जळतंय का हो?"

बायको धावत खाली जाऊन आली. "हौ, बघून आले. गॅस बंदच आहे."

"काकू, एवढा उजेड एका जागी गोळा केला की वास यायचाच," मी म्हणालो. "हा सूर्याचा वास."

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. पण दातारकाकांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. काकूंनीही घेतला.

"थोडा प्लॅस्टिकसारखा आहे, नाही?"

"गंधकासारखा," मी दुरुस्ती केली.

पलीकडून हमीदभाई हातवारे करत होते. "भाऊसाब, पीछे से धुआँ निकल रा!"

"चैनल बाद में दिखाता, हमीदभाई. ठैरो जरा."

पाठीला मघापासून ऊब लागत होती. ती एकदम चावली. मी उडी मारणार, तेवढ्यात सुमीनं पाहुण्यांच्या सरबताचा तांब्या माझ्या पाठीवर ओतला आणि रिकामा तांब्या धाकट्या दुर्बिणीच्या तोंडावर पालथा धरला. त्या पिटुकलीला झाकण लावायचं मी विसरलो होतो. तिच्यातून निघालेला सूर्य सफारीतून बनियनपर्यंत पोचला होता.

सुमीचा चेहरा उतरला. माझ्या हातानं हिचं स्थळ घालवलं, या विचारानं माझं रडायचंच बाकी राहिलं.

दातारकाकांनी चष्म्यावरचं सरबत पुसलं. "मुलगी पसंत आहे. वेळेला काय करायचं ते हिला कळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मात्र आमची एक अट आहे."

लग्नात लाजाहोमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायचा मान तिच्या सख्ख्या भावाचा. आमच्याकडे तो चुलतभावाला मिळाला. सख्ख्या भावाला, व्याह्यांच्या अटीप्रमाणे, अग्नीपासून लांब पाण्याच्या पिंपाशेजारी उभं केलं होतं.