भर शर्यतीत औक्षण

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाला असा ठसका लागला की त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. पण माझी फजिती मीच सांगितलेली बरी. आमच्या बोळातली माणसं तिखटमीठ लावून सांगतात!

तर, चाळिशीत मला पळायचं खूळ लागलं. डॉक्टर म्हणाले, पोट कमी करा. जेवण कमी करण्यापेक्षा मला पळणं सोपं वाटलं. आता सोलापुरात पहाटे पळणं म्हणजे काय असतं? इथं मोठा माणूस पळताना दिसला की लोकांना वाटतं, काहीतरी झालंय. सात रस्ता चौकात एकाने गाडी थांबवून विचारलं, "काय ओ, एसटी चुकली का? बसा की मागं, सोडतो!" दुसऱ्याने मला काही विचारलंच नाही. माझ्या मागे कुत्रं कुठं दिसतंय का ते बघितलं आणि निघून गेला.

सराव झाला आणि मी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. आईला सांगितलं.

"एवढ्या लांब कुटं चाललास?"

"कुठं नाही गं. एकाच रस्त्याच्या दोन फेऱ्या. सुटलो तिथंच परत यायचं."

"मग जायचंच कशाला?"

मी विषय बदलला आणि तिला शर्यतीचा रस्ता सांगायला लागलो.

शर्यत आमच्या बोळाच्या तोंडावरून जाते म्हटल्यावर ती एकदम हरखली. त्याला कारण होतं. मी पाचवीत असताना शाळेच्या शर्यतीत पळालो होतो. आई हातातलं विड्या वळायचं काम टाकून, पदराच्या गाठीत दोन पेढे बांधून मैदानावर आली होती. पोराचा नंबर आला की तोंड गोड करायचं म्हणून. पोरगं आलं सगळ्यांच्या शेवटी! आई रागावली नाही. पण ती गाठ काही तिने सोडली नाही, आणि घरी जाईपर्यंत मी त्या गाठीकडेच बघत चालत होतो. खरं सांगू? तो पेढा माझ्या मनातून कधी गेलाच नाही. आता शर्यत पुरी करायची आणि आईच्या हातचा पेढा खायचा, एवढंच मी ठरवलं होतं.

यात बसण्णा काका शिरले नसते तर सगळं नीट झालं असतं. काका म्हणजे आमच्या बोळातल्या मंडळाचे अध्यक्ष. कुणी दहावी पास झालं, कुणाची बदली झाली, कुणाचं ऑपरेशन नीट झालं, की काका शाल आणि नारळ घेऊन हजर! मला म्हणाले, "तू फकस्त पळत ये. बाकीचं आमी बघतो की!"

शर्यतीच्या दिवशी बोळाने पहाटेच रस्त्यावर यायचं ठरलं होतं. पण हलगीवाला उशिरा आला. त्याच्याशिवाय काका निघेनात. सगळे बोळाच्या तोंडाशी पोचले तोवर माझ्या पुढचे झाडून सगळे पळणारे तिथून निघून गेले होते. माझ्या मागे तिघं-चौघं होते, तेही बरेच लांब. रस्ता मोकळा बघून काकांनी जाहीर केलं, "शर्यत अजून यायचीच हाय!"

आता नीट ऐका. मी आपला पहिल्या फेरीत रखडत होतो. तेवढ्यात सगळ्यात पुढचा गडी दुसरी फेरी संपवत माझ्या मागून येऊन पोचला. त्याच्यापुढे वाट मोकळी करायला एक मोटारसायकल होती, सायरन वाजवत. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि नेमका समोर आमचा बोळ! म्हणजे बोळाला काय दिसलं? आधी सायरन, त्याच्या मागे मी, आणि माझ्या मागे तो वाळक्या अंगाचा तरणा गडी.

"आला! आपलाच पयला आला!"

हलगी कडाडली. गुलाल उडाला. मी "अहो, अहो" करतोय तोवर माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला. आणि समोर बघतो तर भर डांबरी रस्त्यावर पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, शेजारी ताट घेऊन आई!

"बूट काढ आधी," आई म्हणाली. "पाटावर बूट घालून उभारतात व्हय?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? जगात भर शर्यतीत बूट काढणारा मीच पहिला असणार, तेवढा नंबर मला द्या! आईने ओवाळलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने त्यात अख्खा पेढा कोंबला.

मागून तो गडी ओरडला, "काका, साइड!"

काकांना जोर चढला की कानडी येतं. त्यांनी दोन्ही हात पसरून त्याला अडवलं. "निल्लो तम्मा! थांब की जरा! पयल्याचा सत्कार हू दे, मग तुजं बगू!"

मी पेढ्यातून "उंऽ उंऽ" करत हात हलवतोय. लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं. तो गडी शेवटी काकांच्या हाताखालून वाकून निसटला आणि सुसाट गेला.

"अरं, त्यो फुडं गेला! आमच्यापायी ह्येचा नंबर गेला! पळ रं, पळ!" काका ओरडले.

सगळ्या बोळाने मला ढकललं. लेस अर्धवट बांधलेली, डोक्यावर फेटा, काखेत सत्काराचा नारळ, आणि मी निघालो खऱ्या पहिल्याच्या मागे! वळणावर दिसेनासा झालो आणि चालायला लागलो.

दुसऱ्या फेरीत परत बोळापाशी आलो तेव्हा ऊन तापलं होतं. मागचे तिघं-चौघं शहाणे, केव्हाच शर्यत सोडून घरी गेले होते. आता माझ्या मागे फक्त अँब्युलन्स, माझ्याच चालीने. रस्त्यावर कुणी नव्हतं. रांगोळी विस्कटलेली आणि पाटावर एकटी आई बसलेली.

मी म्हणालो, "आई, मी पहिला नव्हतो गं. शेवटचा आहे."

"ते मला तवाच कळलं की. तुज्यासारका पळणारा पयला कुटं असतोय?"

"मग ओवाळलंस कशाला?"

"मागल्या बारीला पेढं तसंच घरी न्हेलं. लई जिवाला लागलं होतं रं."

मी आपणहून बूट काढायला वाकलो. तिने उरलेला पेढा उचलला. मी तोंड उघडलं, तर ती मला ओलांडून अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडे गेली. "घे बाबा. ह्येच्या मागं एवढी हळू गाडी चालवायची म्हंजे लई तरास की!"

आता आई नाही. काका अजून भेटेल त्याला सांगतात, आमच्या सत्काराने ह्याचा पहिला नंबर गेला. मीही दरवर्षी पळतो, आणि बोळाच्या तोंडाशी आलो की उगीच थांबतो. तिथं पाट नसतो, ताट नसतं.

यंदाही थांबलो. मागे अँब्युलन्सही थांबली. तोच ड्रायव्हर! खाली उतरला, खिशातून कागदाची पुडी काढली आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

"मावशींची आठवण आली," तो म्हणाला.

मी डोळे पुसले. मग एकदम शर्यत आठवली, घाईघाईने सगळा पेढा तोंडात टाकला आणि निघालो. त्याने माझा दंड धरला.

"सावकाश खावा की साहेब. आपल्या मागं हाय तरी कोण?"