डावा पाय

वृत्तपत्रात असताना पवित्र आठवड्याची बातमी दरवर्षी माझ्याकडे यायची, कारण संपादकीय विभागात ख्रिस्ती मी एकटाच. झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे, ईस्टर. प्रत्येक दिवसाचा अर्थ एकेका वाक्यात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, हे वाक्य मला पाठ होतं. निवृत्त झालो तरी माझी समज त्या वाक्यापुढे गेली नव्हती.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझ्या डाव्या तळव्याला जखम झाली. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेली. दुखत नव्हतं म्हणून आधी लक्ष गेलं नाही. लक्ष गेल्यावर भीतीने कोणाला दाखवलं नाही. अशाच जखमेनंतर माझ्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. तीन आठवडे मी बाथरूमचं दार लावून जखमेत हळद भरत होतो आणि वर मोजा चढवत होतो. बायकोला सांगितलं, पायाला थंडी वाजते. "एप्रिलमध्ये पुण्यात थंडी वाजणारे तुम्ही एकटेच," ती म्हणाली. प्रार्थना रोज करायचो, पण ती कोणी ऐकतं का, याची खात्री राहिली नव्हती.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी आम्ही बिबवेवाडीहून चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला गेलो. मी शेवटचा बाक धरला. ठरलेल्या बारांपैकी एक जण आला नव्हता. व्यवस्था पाहणारे गृहस्थ थेट माझ्यापाशी आले.

"अहो, बारावे तुम्ही. चला."

आमच्याकडे या विधीला बसणारा माणूस घरूनच पाय घासूनपुसून निघतो. मी म्हणालो, "मी पाय धुऊन आलेलो नाही."

"मग बरंच आहे. फादरांना तेवढंच काम."

आमच्या चर्चमध्ये फक्त उजवा पाय धुतात. त्या भरवशावर मी जाऊन बसलो. पण माझी पाळी आली तेव्हा उजव्या बुटाच्या नाडीला गाठ बसली होती, आणि ती काही सुटेना. वयस्कर फादर गुडघे टेकून थांबले होते. "कुठलाही चालेल," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी डावा बूट काढला. सुजेमुळे त्याची नाडी मी बांधलीच नव्हती.

मोजा निघाला. फादरांनी जखम पाहिली. जखमेला पाणी लागणार नाही अशा बेताने त्यांनी फक्त टाच धुतली, पुसली आणि पद्धतीप्रमाणे पावलावर ओठ टेकले. तीन आठवडे जे मी स्वतः धड पाहू शकलो नव्हतो, ते त्यांनी हातात धरलं होतं. मला रडू आलं.

अकराव्या खुर्चीवर एक अनोळखी बाई होत्या. त्या खाली वाकल्या. "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"मी नर्स आहे. ड्रेसिंगच करते. उद्या आठला हॉस्पिटलमध्ये या."

"उद्या गुड फ्रायडे."

"जखमेला सुट्टी नसते. घरी माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मागे पाहिलं. माझी बायको बाकावरून उठून उभी होती. "आता झालं माहीत," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी डॉक्टरांनी जखम साफ केली, एक्स-रे काढला. संसर्ग हाडापर्यंत पोहोचला नव्हता. "पाय राहील," ते म्हणाले. "अजून हळद भरत बसला असतात, तर सांगता आलं नसतं." रिक्षात बसल्यावर बायकोने माझा हात धरला. मग म्हणाली, "थंडी गेली का?" आणि माझा हात तिने घर येईपर्यंत सोडला नाही.

ईस्टरच्या सकाळी मी एका पायात बूट आणि दुसऱ्याला बँडेज अशा थाटात चर्चमध्ये शिरलो. घंटा वाजत होत्या. फादर सर्वांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडत आमच्या बाकाकडे आले, तेव्हा पलीकडच्या रांगेतून नर्सबाईंनी मला डोळे वटारून खूण केली. ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नव्हतं. बायकोने चटकन पायावर पदर धरला. फादर हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर जरा जास्तच पाणी टाकलं. आम्ही तिघंही हसत होतो.

नाडीची ती गाठ कोणी मारली, याची चौकशी मी केली नाही. आयुष्यभर मला वाटत होतं, श्रद्धा म्हणजे आपण देवासाठी काही करणं. त्या आठवड्यात मी एवढंच केलं, की फादरांच्या हातातून पाय मागे ओढला नाही. बाकीचं मला करावं लागलं नाही. आता रोज सकाळी बायको चष्मा लावून दोन्ही तळवे तपासते. मी मुकाट्याने पाय पुढे करतो.