जळकोट वगळून नऊ तालुके

“आधी उत्तर ठरवा.”

वेफर हातात आला की ते हे म्हणायचे. मग डावा डोळा मिटून तो दोन बोटांत धरायचे आणि खिडकीच्या उजेडात सावकाश फिरवायचे. उत्तर दिशा वर आली की हात थांबायचा. बहुतेक वेळा ते मान हलवून वेफर दुसऱ्या ताटात टाकायचे. ते ताट खाण्याचे होते.

लातूरला आमच्या गल्लीत त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. नोकरीभर त्यांनी शेतजमिनी मोजल्या, बांध कुठून जातो ते दाखवले आणि भावाभावांची भांडणे उन्हात उभे राहून ऐकली. निवृत्तीनंतर पहिले वर्ष ते गल्लीतली घरे मोजत होते. दुसऱ्या वर्षी चहाबरोबर बटाट्याचे वेफर खाताना त्यांना औसा तालुका सापडला.

मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम करत होतो. त्यांनी मला हाक मारून घरात बोलावले. टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरलेला होता आणि नकाशावरच्या औशाशेजारी तो वेफर.

“पेपरवाले, काय दिसतं?”

“वेफर.”

“नीट बघा.”

मी नीट पाहिले. आकार जुळत होता. तुम्हीही पाहिला असता तर तुम्हालाही मान्य करावे लागले असते. दक्षिणेकडे थोडा करपला होता एवढेच.

“निसर्गानं केलेली मोजणी हाय ही,” ते म्हणाले. “आन मी खायला निघालो होतो.”

त्यांची मुलगी नांदेडजवळ विष्णुपुरीला राहते. तिने गंमत म्हणून त्या वेफरचा फोटो जुनी नाणी आणि तिकिटे विकणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकला. जाहिरातीचा मजकूर मात्र साहेबांनी स्वतः लिहिला आणि तपासायला माझ्याकडे आणला: ‘औसा तालुका. बटाट्याचा वेफर, खारा. नैसर्गिक स्थितीत मिळून आला. कात्री, नख अथवा दात लावलेला नाही. दक्षिण भाग किंचित करपलेला.’ मला त्यात एक शब्दही कमी करता आला नाही. तीन दिवसांत पुण्यात राहणाऱ्या एका औसेकराने तो विकत घेतला.

पार्सल पोचले तेव्हा वेफरचे दोन तुकडे झालेले होते. औसेकराने तक्रार केली. साहेबांनी पैसे परत केले आणि खाली लिहिले, ‘तालुक्याच्या विभाजनाचा निर्णय आमच्या पातळीवर झालेला नाही.’ औसेकराला हे उत्तर इतके आवडले की त्याने ते सगळीकडे पाठवले. नंतर मागण्या येऊ लागल्या. निलंग्याचे लोक निलंगा मागत, चाकूरचे चाकूर. एकाने हैदराबादहून केळ्याच्या वेफरमध्ये देवणी मिळेल का, असे विचारले. साहेबांनी कळवले की केळ्याचे वेफर गोल येतात आणि गोल तालुका आपल्या जिल्ह्यात नाही.

त्यांचे नियम कडक होते. प्रमाण कोणतेही चालत असे. मोठ्या वेफरचा मोठा तालुका, लहानाचा लहान. आकारात मात्र तडजोड नव्हती. एकदा लातूर तालुका म्हणून सुंदर वेफर मिळाला. मी अभिनंदन केले. त्यांनी तो दोन वेळा नकाशावर ठेवला, उचलला आणि खिन्नपणे म्हणाले, “रेणापूर वेगळा व्हायच्या आधीचा हाय हा. जुना रेकॉर्ड.” तो खाण्याच्या ताटात गेला. मी खाल्ला. चांगला होता.

या ताटावर काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, मुख्य आक्षेप होता. भट्टीवरून रोज वेफरची पिशवी यायची आणि नापास झालेला सगळा माल घरातच संपवावा लागायचा.

“लोकं उपासाला वेफर खातेत,” काकू मला म्हणाल्या, “मी वेफर सुटावा म्हणून उपास धरायलेय.”

“त्यांना सांगा की थोडे कमी आणा.”

“सांगून बघितलं. म्हणतेत, अहमदपूर अजून मिळाला न्हाई.”

वेफर जरा तासून आकारात आणायला काय हरकत आहे, असे मीच त्यांना एकदा विचारले होते. कानशीने दोन हात मारले की झाले. कोणाला कळणार होते?

त्यांनी हातातला वेफर खाली ठेवला. मग त्यांनी रेणापूरकडच्या एका गावाची हकिगत सांगितली. तिथे त्यांनी मोजणी केली होती. हरलेल्या शेतकऱ्याने अर्ज दिला की साहेबाने शेजाऱ्याकडून पाहुणचार घेऊन बांध दोन हात सरकवला. चौकशी झाली, फेरमोजणी झाली, बांध जागच्या जागी निघाला. दरम्यान साहेबांची बदली इस्लापूरला झाली होती आणि फेरमोजणीची बातमी कुठल्याही पेपरात आली नाही. अर्जाची आली होती.

“त्या गावात आजबी म्हणतेत, दोन हात सरकवला,” ते म्हणाले. “आता वेफरबी सरकवू का?”

अर्जाची बातमी आमच्याच पानावर आली होती. ती मी लावली नव्हती, पण मी त्या दिवशी तो विषय पुढे नेला नाही.

नंतर नांदेडहून एका गुरुजींचे पत्र आले. मूळ उदगीरचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, आता मुलाकडे राहत होते. जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांत त्यांनी शिकवले होते. त्यांना सुटा तालुका नको होता; दहाही तालुके हवे होते, एका चौकटीत, काचेखाली. ‘अपुरा जिल्हा घेणार नाही,’ असे पत्रात अधोरेखित केले होते.

साहेबांनी त्या दिवसापासून सुटी विक्री बंद केली. नोकरीत त्यांनी गावे मोजली होती, जिल्हा कधी कोणी मोजायला दिला नव्हता. सात महिन्यांत नऊ तालुके जमले. डब्यात कापसावर ठेवून त्यांनी प्रत्येकाला चिठ्ठी लावली. जळकोट राहिला.

याच सुमारास नांदेडच्या मुलीचे दिवस भरत आले होते. काकूंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

“जळकोट मिळाला की निघू,” साहेब म्हणायचे.

“बाळ काय जळकोटासाठी थांबायलंय का?”

“मग तू हो पुढं.”

“आन तुम्ही इथं एकटे जेवणार काय? जिल्हा?”

हा संवाद मी भिंतीपलीकडून तीन आठवडे ऐकला. चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, साहेबांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. जळकोट सापडला होता. हातपाय धुऊन ते टेबलाशी आले तर पास-नापास न ठरवलेल्या वेफरमध्ये तो सगळ्यात वर होता. मी जाऊन पाहिला. नकाशावर ठेवला तर कुठे रेष दिसत नव्हती. काकू शांतपणे पिशवीची चेन लावत होत्या.

साहेबांनी मलाही बरोबर घेतले. व्यवहाराला पंच लागतो आणि तो नात्यातला चालत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चार दिवसांनी आम्ही तिघे नांदेडला गुरुजींच्या घरी पोचलो. साहेबांनी पूर्ण प्रवासात डबा मांडीवर धरला होता आणि दर थांब्याला झाकण उघडून पाहिले होते.

गुरुजींनी चौकट तयार ठेवली होती. ते भिंग घेऊन एकेक तालुका तपासत होते आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी आठवत होते. देवणीला त्यांची सायकल चोरीला गेली होती. शिरूर अनंतपाळला वर्गात साप निघाला होता. शेवटी जळकोट. त्यांनी भिंग खाली ठेवले आणि म्हणाले, “पैकीच्या पैकी.”

साहेबांनी दाखला काढला आणि मोठ्याने वाचला. “सदर दहा तालुके नैसर्गिक स्थितीत मिळून आले असून त्यांस कात्री, नख अथवा दात लावलेला नाही.” त्यांनी पेनचे टोपण काढले.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “सही करू नका.”

“का?”

“दात लावलाय.”

“कुणी?”

“मी. जळकोटाला. पूर्वेच्या अंगाला चोच आली होती त्याला, उगं एवढीशी. तुम्ही हातपाय धुवायला गेला होताव.”

साहेबांनी भिंग घेतले आणि जळकोटाची पूर्व बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली.

“मला वाटलं भट्टीत तुटला असंल,” ते हळू आवाजात म्हणाले.

“पोरीकडं यायचं होतं मला. तुमचा जळकोट काय सापडंना.” काकूंचे डोळे भरून आले होते, पण आवाज खाली आला नाही. “सांगणारच नव्हते. पण तुम्ही सही करायलाव म्हणून.”

गुरुजी हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. “अहो साहेब, पूर्वेला म्हणजे नांदेडच्या हद्दीवर! एवढी जमीन आम्ही खाल्ली असं समजा. अतिक्रमण नसलेला तालुका मला दाखवा तुम्ही. द्या तसाच.”

विकत घेणारा राजी होता. दाखल्यातले ‘अथवा दात’ काढले असते तरी भागले असते. पंच म्हणून मीही हरकत घेणार नव्हतो.

साहेबांनी पेन उचलले. ‘दहा’ खोडून त्यावर ‘नऊ’ लिहिले, खोडलेल्या जागी आद्याक्षरे घातली, आणि शेऱ्यात लिहिले: ‘जळकोट. पूर्व हद्दीवर पत्नीचे अतिक्रमण आढळून आल्याने वगळण्यात येत आहे.’ सही केली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. मीही केली.

“अपुरा जिल्हा तुम्ही घेत न्हाई, माहीत हाय,” ते गुरुजींना म्हणाले. “डबा परत नेतो.”

गुरुजींनी डबा आपल्याकडे ओढला. “राहू द्या. हा दाखला पण चौकटीत लावतो. असा जिल्हा कुणाकडं न्हाई.”

नऊ तालुके चौकटीत गेले; डब्यात जळकोट उरला. साहेबांनी तो कापसावरून उचलला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला.

“ताबा तुमचाच हाय. घ्या.”

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि एका घासात जळकोट संपवला.

नात झाली म्हणून ते दोघे विष्णुपुरीला थांबले, ते थांबलेच. मागच्या हिवाळ्यात साहेब तिथेच गेले. बातमी मी लावली, एका कॉलमात: निवृत्त भूकरमापक, मागे पत्नी, मुलगी, जावई, नात. रेणापूरकडच्या त्या गावाचे नाव घालून, तिथली मोजणी फेरमोजणीत बरोबर ठरली होती, हे एक वाक्य मी जोडले. ते कोणी काढले नाही. वेफरचा उल्लेख केला नाही. जागा नव्हती असे नाही, पण एका कॉलमात तो समजावून सांगता आला नसता.

मला ते दिसतात ते गुरुजींच्या घरून विष्णुपुरीला जातानाच्या ऑटोत. मी पुढे, चालकाशेजारी बसलो होतो. मागे साहेबांनी काकूंना विचारले, “चव कशी होती?”

“सादळला होता,” काकू म्हणाल्या.

“चार दिवसांत?”

“सारखं झाकण उघडून बघत होताव की तुम्हीच.”

साहेबांनी यावर विचार केला. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टोपण फिरवून सैल केले आणि ती काकूंच्या हातात दिली.