होकार की हुंकार

आमदार असो की मंत्री, बाई त्याला "होल्ड करा" म्हणायच्या आणि पलीकडचा माणूस मुकाट्याने थांबायचा. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना आमच्या केबल चॅनेलच्या मालकांनी फोनवरच्या जनसभेसाठी आणलं आणि कोल्हापूरने त्यांचं नाव होल्डकरबाई करून टाकलं. दर आठवड्याला कुणी तरी लोकप्रतिनिधी मुंबईहून फोनवर असायचा, लोक घरून नाहीतर पीसीओवरून बोलायचे आणि मधे बाई. मी कॅमेऱ्यामागे.

आमच्याकडच्या माणसाच्या हातात फोन दिला की तो भाषणच ठोकतो. बाई तोडायच्या, "पावणं, गाऱ्हाणं कळलं. आता मागणं सांगा की." साहेब लोक योजनांची नावं घ्यायला लागले की म्हणायच्या, "साहेब, त्यांनी नळाचं विचारलंय." मालक कुरकुरायचे. मला मात्र त्यांचा धाक वाटायचा आणि अभिमानही.

महामार्ग चौपदरी होत होता, तेव्हा शिरोलीहून शालनचा फोन आला. तिचा नवरा फौंड्रीत कामाला. घर रस्त्याच्या अलीकडे, फौंड्री पलीकडे. "भुयारी रस्ता पायजे साहेब. न्हाईतर माणसं मरतील." ऐकताना आमदार "व्हय, व्हय" म्हणत होते. बाईंनी आभार मानून पुढचा फोन घेतला. तिकडे वस्तीने पेढे वाटले. साहेब टीव्हीवर व्हय म्हणाले होते ना! ठरलेला रास्ता रोको रद्द झाला. मग रस्ता झाला, भुयार झालं नाही, आणि शालनच्या नवऱ्याचा पाय ट्रकखाली गेला.

त्याला दवाखान्यात बघून बाई थेट स्टुडिओत आल्या. "तो हुंकार होता रे. ऐकतोय म्हणून फोनवर देतो तसला. जन्म गेला माझा लाईनवर, आणि मी तो होकार म्हणून जाऊ दिला." त्या रडल्या नाहीत, पण त्या दिवशी चहाही घेतला नाही.

त्यानंतर कुणी साहेब व्हय म्हणाला की बाई विचारायच्या, "होकार की हुंकार?" उत्तर मिळेपर्यंत पुढचा फोन नाही. काही जण हसण्यावारी न्यायचे, काहींची लाईन नेमकी तेव्हाच तुटायची. हळूहळू कार्यक्रमाला लोकप्रतिनिधी मिळेनासे झाले. मालक माझ्यादेखत म्हणाले, "बाई, जरा सांभाळून घ्या की."

"त्या दिवशी सांभाळूनच घेतलं होतं," बाई म्हणाल्या.

शेवटच्या कार्यक्रमाला तेच आमदार होते आणि शालनने पुन्हा फोन लावला. साहेब व्हय म्हणाले, बाईंनी विचारलं. पुढचे फोन वाजत होते, बाईंनी एकही घेतला नाही. मग साहेब म्हणाले, "न्हाई व्हायचं ते. वरनं मंजुरी न्हाई."

"बरं झालं, सांगितलंसा," शालन म्हणाली. "आता आमी रस्त्यावर बसतो."

वस्ती बसली. लाठ्या खाल्ल्या. मालकांनी कार्यक्रम बंद करून बाईंना नारळ दिला. भुयारी मार्ग मात्र शेवटी झाला. बाईंना बरं वाटेल म्हणून मी त्यांना स्कूटरवरून तो दाखवायला नेलं. फौंड्रीची पाळी सुटली होती, माणसं पायऱ्या उतरून येत-जात होती. शालनच्या नवऱ्याला आता गेटवर बसायचं काम होतं. तो कुबड्या घेऊन वर, दुभाजकाशी, गाड्या थांबायची वाट बघत उभा होता.

बाई पायऱ्यांकडे बघत राहिल्या.

"भुयार मागितलं," त्या म्हणाल्या. "उतार मागायचा राहिला रे."