गाईचे मागचे पाय

विल्फ क्रॅबट्री जन्मभर गाईचे मागचे पाय झाला. तोंड आणि पुढचे पाय त्याच्या थोरल्या भावाचे, अर्नॉल्डचे. इंग्लंडातल्या मॉरकॅम गावच्या आमच्या थिएटरात नाताळात जॅक आणि घेवड्याच्या वेलाचं नाटक लागलं, की दोन माणसं आत शिरून चालवायची ती ही कातडी गाय यायची आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. मी परी व्हायचे. काय ते दिवस!

कातड्याच्या आत दोघांचं अखंड चालू असे.

"अरे, पावलं केवढी टाकतोस! पळवून नेतोयस का गाय?"

"तू झोपलायस म्हणून वाटतं तसं."

"आणि पुन्हा व्हिनेगरचे कांदे खाल्लेस! मागे मी असतो, अर्नॉल्ड."

"म्हणून तर खाल्ले."

स्टेज मॅनेजर बाई उसासा टाकत, "झालं यांचं बिकर सुरू." बिकर म्हणजे क्षुल्लक गोष्टीवरून कुरबुरत राहणं. कुणी मनावर घेत नसे, ते दोघे तर नाहीच.

एका शनिवारी, दोन खेळांच्या मधे, अर्नॉल्ड रंगपटात बुटाची नाडी बांधता बांधता शीळ घालून बसला. रंगपटात शीळ म्हणजे अपशकुन. पूर्वी वरचे पडदे ओढणारे गडी शिळेच्या इशाऱ्यावर दोर सोडत. भलत्याच शिळेनं कुणाच्या डोक्यात पडद्यावरचा रंगवलेला डोंगर यायचा. शीळ घालणाऱ्यानं बाहेर जायचं, तीन गिरक्या घ्यायच्या, दार वाजवायचं आणि आतल्यांनी 'ये' म्हटल्यावरच यायचं.

अर्नॉल्ड गाईचं डोकं काखेत मारून मुकाट बाहेर गेला. दार वाजलं.

"कोण?" विल्फ म्हणाला.

"गाईचं तोंड."

"आमच्या गाईला तोंड नको. फार चालतं. आम्ही नुसत्या मागच्या पायांवर भागवतो."

आम्ही सगळे खो खो हसलो. दार पुन्हा वाजलं. विल्फनं ओठावर बोट ठेवलं. पुढचं वाक्य त्याच्याकडे तयार होतं, याहून झकास. तिसऱ्यांदा वाजलं की तो टाकणार होता.

तिसऱ्यांदा वाजलंच नाही.

दार उघडलं तर उंबऱ्याशी गाईचं डोकं नीट ठेवलेलं. अर्नॉल्डचा कोट बाहेरच्या खुंटीवरून गेलेला.

रात्रीच्या खेळाला पुढे दुसरा गडी घातला. मधल्या अंकात गाय पोटाशी दुभंगली. प्रेक्षक हसून लोळले. विल्फ तुटक्या अर्ध्या गाईत वाकून तसाच उभा. अर्नॉल्ड लँकेस्टरला बहिणीकडे गेल्याचं कळलं. आठवडाभर विल्फ दोन कप चहा करी आणि एक ओतून टाकी. अर्नॉल्डची कांद्यांची बरणी तो रोज पुसून ठेवी.

रविवारी मला म्हणाला, "पोरी, चल माझ्याबरोबर. एकट्यानं धीर होत नाही." बसमध्ये मांडीवर तीच बरणी. "तू पुस्तकं वाचतेस. त्या बिकरचा खरा अर्थ काय गं?"

बोलायला नको होतं, पण बोलले. "आधी तो लढाईतला शब्द होता. चकमक. दोन्हीकडून बाण, दगड. शब्द आला कुठून ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. काही म्हणतात, डच लोकांच्या टोचणे, घाव घालणे या शब्दावरून."

विल्फ बरणीचं झाकण उघडझाक करू लागला. "म्हणजे लागतं त्यात. आणि दोन्हीकडून हवं. तो बाहेर होता, मी आत. त्याच्या हातात काहीच नव्हतं."

बहिणीच्या दाराशी विल्फनं भर रस्त्यात तीन गिरक्या घेतल्या. गुडघे कुरकुरले. दार वाजवलं.

"कोण?" आतून अर्नॉल्ड.

"गाईचं बूड."

दार उघडलं नाही. विल्फनं पुन्हा वाजवलं. काहीच नाही. त्याचा हात तिसऱ्यांदा वर गेला आणि तिथेच थांबला. "वाजवू ना?" त्यानं मला डोळ्यांनीच विचारलं.

तेवढ्यात दार आतून उघडलं. अर्नॉल्डनं बरणी घेतली, उजेडात धरली.

"निम्मी संपवलीस?"

"तूच संपवलीयस! मी हात लावत नाही त्या घाणीला."

"मग झाकण घट्ट का लावलं नाहीस?"

"आधी 'ये' म्हण की रे!"

"ये," अर्नॉल्ड म्हणाला. "पाय पूस. चारही."

पुढच्या शनिवारी गाय पुन्हा अखंड झाली. पण रंगपटाबाहेरच्या बोळात नुसती पावलं वाजली, तरी विल्फ हातातलं काम टाकून ओरडे, "ये, आत ये!"

"अरे, बाहेर कुणी नाहीये," अर्नॉल्ड वैतागे.

"नसू दे," विल्फ म्हणे आणि उठून दार उघडून बघून येई.